कमजोरीच्या गोळ्या

तरुण मुलामुलींना सल्ला द्यायची माझी खोली तालुक्याच्या दवाखान्यात अगदी टोकाला होती. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. एका बाजाराच्या दिवशी तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण आत आला. राणीसावरगावकडून एसटी बदलून आला होता. जवळच्या दवाखान्यात कुणी ओळखेल म्हणून इतक्या लांब आलो, हे त्याने मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी एवढंच म्हणाला की कमजोरी वाटते, जेवण जात नाही.

आणखी काही होतंय का, मी विचारलं. खाली मान घालून तो नाही म्हणाला.

मला कळलं होतं. मुलं कमजोरी म्हणतात तेव्हा त्यामागे बऱ्याचदा दुसरीच भीती असते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. पण मी बाई, तो माझ्याच वयाचा पुरुष, दार उघडं, बाहेर बाकावर बायका बसलेल्या. माझीच जीभ रेटेना. रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. हात जोडून तो निघून गेला.

दीड वर्षाने परत आला, तेव्हा निम्मा झाला होता. या वेळी मी आधी दार लोटलं आणि सरळ विचारलं. मग तो बोलला.

कॉलेजात असल्यापासून झोपेत कधीमधी वीर्य जायचं. बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका वैदूने नाडी धरून सांगितलं, की तू आतून पोकळ झालास, लग्नाच्या कामाचा राहिला नाहीस. त्याची चूर्णं याने वर्षभर खाल्ली. दरम्यान मामाच्या मुलीशी साखरपुडा झाला होता. दोघं लहानपणापासूनची ओळखीची, रोज फोनवर बोलायची. माझ्याकडून गोळ्या घेऊन गेल्यावर काही महिन्यांनी लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि याने नाही म्हणून सांगितलं. कारण कुणालाच सांगितलं नाही. गाव म्हणालं, पोरीतच काहीतरी खोट असेल. मामाने घाईघाईने तिला झरीला एका बिजवराला दिली आणि बहिणीच्या घरी येणं सोडलं.

आता आई दुसरं स्थळ बघत होती, म्हणून त्याला एकदा खरं काय ते विचारायचं होतं.

मी सांगितलं, की हा आजारच नाही. वयात आलेल्या पुष्कळ पुरुषांना असं होतं. त्याने ताकद जात नाही, लग्नाला काहीच आडकाठी नाही. डॉक्टरांनीही त्याला तपासून तेच सांगितलं. तो परत माझ्या खोलीत येऊन बसला.

"म्याडम, हे तुमाला तवाबी ठाऊक होतं का?"

"होतं," मी म्हणाले.

तो रागावला नाही. म्हणाला, "तिनं फोन केल्ता. माझ्यात काय कमी हाय तेवढं सांग म्हनली. म्या फोन कट केला."

हे आता तिला कळवावं का, असं त्याने विचारलं. तिच्या संसारात वादळ नको, एवढंच मला सुचलं. ते बरोबर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

मी अधूनमधून त्याला फोन करते. त्याने लग्न केलेलं नाही. तब्येत बरी हाय, कापूस वेचायलोय, मागून बोलतो, असं म्हणतो आणि ठेवतो.