सायनस म्हणजे नाक

बातमी आली तेव्हा मी गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात मासळीवालीशी बांगड्यांवरून हुज्जत घालत होते. फोनवर माझी भावजय सुमती होती. "बाये, तुजो भाव गेलो..." एवढंच बोलली. दत्ताराम, माझा धाकटा भाऊ. कोरगावला काजूची बागायत करणारा, सकाळी डोंगर चढून दुपारी हसत खाली उतरणारा. माझ्या तोंडून निघालं, "काहीतरीच काय! त्याच्या हातात घड्याळ आहे." आज काही आठवडे लोटले, पण त्या वाक्याची मला अजून चीड येते.

घड्याळाचं खूळ आमच्याच घरातून तिकडे गेलं. माझ्या यजमानांच्या घड्याळानं एकदा ठोके अनियमित पडत असल्याचं दाखवलं. ते तडक डॉक्टरांकडे गेले, नीट ईसीजी काढला, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण दत्तारामनं त्यातून भलताच अर्थ काढला. पुण्यातल्या मुलाकडून, निखिलकडून, तसलंच घड्याळ मागवलं आणि गावभर मिरवलं. काजू वेचणाऱ्या बायका असोत की चहाच्या टपरीवरचे गडी, घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवायचं, गप्प बसवायचं आणि निकाल द्यायचा, "जा, तुका काय होवचां नाय!" लोक खूश, फुकटचा डॉक्टर! मी म्हणायचे, "दत्ता, खेळणं आहे ते." तर म्हणायचा, "बाय, तुजो घोव वाचलो मगो तेणां?" माझ्याच यजमानांचा दाखला माझ्या तोंडावर, कपाळ!

त्या सकाळी तो बागायतीतून लवकर परतला. छातीवर दडपण, अंगाला दरदरून घाम, डावा खांदा जड. सुमती म्हणाली, "गाडी काढूया, म्हापशाक हॉस्पिटलात जावया." त्यानं घड्याळावर बोट ठेवलं. अक्षरं उमटली, 'सायनस रिदम'. डॉक्टरांच्या भाषेत याचा अर्थ ठोक्यांची लय सरळ आहे, बस्स. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली आहे की नाही, हे त्या यंत्राला कळतच नाही. पण आमच्याकडे सायनस म्हणजे नाक! दर पावसाळ्यात अर्ध्या गावाचा सायनस उफाळतो. "बघ, सायनस म्हणता. सर्दी छातयेत उतरल्या. वाफ दी," तो म्हणाला. आणि माझा भाऊ, हार्ट अटॅक चालू असताना, डोक्यावरून तुवालो घेऊन उकळत्या पाण्याच्या टोपावर वाकून बसला... गाडी दारात उभी होती. तो तिथून उठलाच नाही.

हे यंत्र हार्ट अटॅक ओळखत नाही, असं म्हणे त्याच पडद्यावर खाली लिहिलेलं असतं. निखिलनं मला दाखवलं. बारीक इंग्रजीत! जाहिरातीतलं हृदय मात्र भिंतीएवढं, लालभडक. विकणाऱ्यांना लाज नाही, आणि घेणाऱ्यांना वाचायला सवड नाही. ज्यांच्या मनगटावर ते आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. छाती दाटली तर मनगटाकडे बघू नका, हॉस्पिटल गाठा. घड्याळ काहीही म्हणो.

बाराव्याला माणसं जमली. एका गृहस्थांनी तर निखिलला बाजूला घेऊन विचारलं, "चार्जिंग किती दिवस टिकतं रे त्याचं?" बापाच्या बाराव्याला! पण ते परवडले. आमची एक चुलती पानावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बायलेन वाफ देवन वेळ घालयलो." मी तिला भरल्या पानावरून उठवणार होते. सुमतीनंच माझा हात घट्ट धरला. अहो, गाडी काढूया म्हणणारी त्या घरात ती एकटीच होती! तिनं नवऱ्याचं ऐकलं, नवऱ्यानं घड्याळाचं. मग दोष हिचा कसा? हे मी तिला रोज फोनवर सांगते आणि ती रोज हूं म्हणते.

परवा तिच्याकडे राहायला गेले. सर्दीनं तिचं नाक पार चोंदलेलं, धड बोलता येईना. मी न विचारताच पाणी उकळत ठेवलं. ती मागून आली आणि तिनं गॅस बंद केला.

"वाफ नाका बाये, नाका," ती म्हणाली. "तुवाल्याखालसून ते म्हणत होते, 'आता वायच बरां वाटता गो...' माका तां खरां वाटलां."