चेस आजी

आमच्या घरात बुद्धिबळाचा मोडका पट होता आणि त्यातला एक घोडा हरवला होता. तुमच्या आजोबांनी कारखान्यातून व्हीआरएस घेतली आणि ते दिवसभर घरी बसू लागले. शेजाऱ्यांबरोबर खेळताना घोड्याच्या जागी ते माझी सुपारीची डबी ठेवत. ती डबी पटावर उड्या मारताना मला बघवेना. गल्लीतल्या सुताराकडून मी शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा आणला आणि पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने घोडा कोरायला घेतला. पहिला घोडा गाढवासारखा झाला. दुसरा मात्र बरा जमला.

मग मला नादच लागला. शनिवार पेठेतल्या आमच्या छोट्या गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून, दुपारचा चहा व्हायच्या आत मी रोज थोडं कोरत असे. वर्तमानपत्राबाहेर एक कपचा गेलेला मला चालत नसे. निम्म्या सोंगट्या कोऱ्या चहाच्या दाट पाण्यात भिजवून काळपट करायच्या, सगळ्यांना खोबरेल चोळायचं. कठीण फक्त हत्ती. सोंड पुढे काढली की लाकडाची रेष आडवी जाते आणि सोंड तुटते. म्हणून मी सोंड छातीशी दुमडून घेतली. तिथे अंगठा ठेवायला बरोबर एक खळगा तयार झाला.

पहिला पूर्ण संच मोठीसाठी केला. मोठे, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. तुझ्या बाबांना कंपनीने अमेरिकेत पाठवलं होतं आणि धाकट्याचा जन्म व्हायचा होता. बाळंतपण आईच्या आईने करायचं ही आपल्याकडची पद्धत. त्यामुळे विमानात बसल्या त्या विहीणबाई, म्हणजे तुमची बाणेरची आजी. मी बसले नाही. तसं तुझ्या आईने मला ‘चला’ म्हटलंही होतं. मीच गुडघ्यांची सबब पुढे केली. बाळंतपणाच्या घरात दुसऱ्या आजीने फक्त पाहुणी म्हणून बसायचं, हे मला जमलं नसतं.

संच मी विहीणबाईंच्या हाती सोपवला.

“अय्या, किती गोड!” त्या म्हणाल्या. “उंट तर अगदी उंटासारखा दिसतो हो.”

“उंटच आहे तो,” मी म्हटलं.

विहीणबाई कॉलेजात असताना बुद्धिबळात बक्षिसं मिळवायच्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला सोंगट्या कशा चालतात तेवढं कळे, त्यापुढे शून्य. तिकडे बाळ झोपलं की त्या तुला घेऊन पट मांडायच्या. मला हे कळलं ते रविवारी सकाळी, कॉम्प्युटरसमोर. चित्र मध्येच गोठायचं, आवाज मागून यायचा. बाबांनी पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं, “ही कोण?”

तू म्हणालीस, “कॉम्प्युटरमधली आजी.”

“आणि ती?”

“चेस आजी!”

विहीणबाई मागे उभ्या राहून हसत होत्या. कोरलं मी, बोटं माझी कापली, आणि चेस आजी त्या!

“पोरगी खेळतेय ना? मग तुला काय त्रास आहे?” आजोबांनी विचारलं.

“मला कुठे काय त्रास आहे?” मी म्हटलं आणि हातातल्या घोड्याचा कान उडवला.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. तू कॅमेऱ्यासमोर येऊन सांगायचीस, आज चेस आजीने हे शिकवलं, ते शिकवलं. मी “वा, वा” म्हणायचे. मंडईत भाजी घेताना ओळखीच्या कुणी विचारलं, “नातवंडं काय म्हणतात?” तरी माझ्या पोटात दुखायचं.

सहा महिन्यांनी विहीणबाई परतल्या. बदाम आणि चॉकलेटं घेऊन आमच्याकडे आल्या. चहा झाला तरी उठेनात.

“अहो, एक विचारू का?” त्या म्हणाल्या. “अजून चार हत्ती करून द्याल?”

“का? तुटले?”

“तुटतायत कसले! पोरगी हातात घेऊ देईल तर ना. दोन उशीखाली आणि दोन फ्रॉकच्या खिशात. आंघोळीलाही नेते. मी हात लावला तर म्हणते, ते माझ्या आजीने केलेत. सहा महिने मी औषधाच्या बाटल्यांची बुचं ठेवून खेळले हो!” त्या हसल्या, पण ते हसणं मला ओळखीचं वाटलं. कॉम्प्युटरसमोर मी तसंच हसत असे.

मी त्यांना आणखी एक कप चहा दिला. साखर त्यांना लागते तेवढी घातली.

“करते की,” मी म्हटलं. “पण पोचवायला मी स्वतः जाईन.”

आजोबांनी पेपर खाली केला. “आणि गुडघे?”

“तेही येतील बरोबर.”

पासपोर्ट निघाला, व्हिसा झाला. नवे चार हत्ती मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेले. तुमच्या दारात पोचले तेव्हा तू माझ्याकडे नीट निरखून पाहिलंस, मग माझ्या पाठीमागे.

“चेस आजी कुठे आहे?”

“बाणेरला,” मी म्हटलं. “तुझ्या खिशात काय आहे?”

तू हत्ती काढून दाखवलास. तुझा अंगठा बरोबर त्या खळग्यात होता. खोबरेल केव्हाच उडून गेलं होतं आणि तुझ्या हाताने लाकूड गुळगुळीत झालं होतं.

“कुणी केला?”

“तू.”

“मग झालं तर.”

त्या संध्याकाळी आपण पट मांडला. नवे हत्ती पटावर, जुने तुझ्या खिशात. तू मला बघता बघता हरवलंस आणि म्हणालीस, “चेस आजी इतक्या लवकर नाही हरत.”

“तिला हत्ती करता येतात का?” मी विचारलं.

तू थोडा विचार केलास आणि नाही म्हणून मान हलवलीस. मी सोंगट्या परत मांडायला घेतल्या.