आधी पोटाला हात लावा

मांडीवर चापट बसली. सणसणीत. "तिसरं आहे ना तुझं? मग नव्या नवरीसारखी नाटकं कशाला करतेस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने माझ्याहून लहानच असतील. माझा हिरवा झगा कमरेपर्यंत वर सरकलेला, आणि पायथ्याशी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यातला एक हसला.

मी विक्रोळीची. साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंग करायचे, पोट दिसायला लागलं तरी उभ्यानेच. आधीच्या दोन्ही मुली याच हॉस्पिटलात झाल्या, साध्या बाळंतपणाने. म्हणून या खेपेला माझं नावच गेलं. मी मल्टी झाले. आधी बाळंत झालेल्या बाईला तिथे मल्टी म्हणतात आणि भिंतीकडच्या शेवटच्या खाटेवर टाकतात. पहिलटकरणी दाराजवळ, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष. मल्टीचं काय, होईल आपोआप.

पण होत नव्हतं. मुलींच्या वेळी कळ खाली उतरायची. आता यायची आणि तिथेच अडायची. पोट आडवं पसरलेलं. उजव्या कुशीत काहीतरी गोल, टणक टोचत होतं. जो येईल त्याला मी सांगत होते, "बाळ आडवं आहे वाटतं. पोटाला हात लावून बघा ना."

कोणी लावला नाही. लांबूनच केसपेपर वाचायचे. "आधीची नॉर्मल आहेत, हेही होईल." आणि पुढे.

माझ्या आजीला गावात कोणी हात लावत नसे. तिचा विटाळ व्हायचा त्यांना. आम्ही धम्म घेतला, शहरात आलो, शाळा शिकलो. मला वाटलं, संपलं ते. त्या खाटेवर पडून मी विचार करत होते, हे मला का हात लावत नाहीत? कंटाळा म्हणून? की आडनाव वाचून? आजही मला ठाऊक नाही. पण राग आला तो माझा आणि आजीचा मिळून आला.

डॉक्टरीणबाई परत आल्या. "कळा वाढवायचं सलाईन लावा हिला. उगाच खाट अडवून बसलीय." सिस्टरने माझं मनगट धरलं. मी हात ओढून काखेत दाबला.

"लावू देणार नाही. आधी पोटाला हात लावा."

"डॉक्टर तू आहेस की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

"बाळाला काही झालं तर जबाबदारी तुझी."

"आत्तापण माझीच आहे. हात लावा."

डॉक्टरीणबाईंनी रागारागाने पोटावर हात ठेवला. मग तो तिथेच राहिला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. चेहरा उतरला. "ऑपरेशन थिएटर तयार करा," त्या सिस्टरला म्हणाल्या.

माझं पहिलं सिझर झालं. मुलगी झाली, जिवंत.

वॉर्डात सासू आली. तिला मी आत्या म्हणते. मुलीकडे न बघता म्हणाली, "दोन नीट झाली, मग आताच कसलं खूळ शिरलं गं? तू ऐकत नव्हतीस, म्हणून पोट फाडावं लागलं म्हणे." हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या राउंडला आल्या. टाके ओढत होते, तरी मी उठून बसले. त्यांच्या तोंडावर आत्याला सांगितलं, "पोर आडवी होती. यांनी बघितलंच नाही. सलाईन लावू दिलं असतं तर पिशवी फाटून दोघी गेलो असतो."

त्या म्हणाल्या, "सुखरूप आहात ना दोघी? मग तक्रार कसली?"

सुखरूप आहोत ते मी नाही म्हटलं म्हणून. तक्रार हीच आहे.

आता आमच्या चाळीतली बाई तिथे बाळंतपणाला निघाली की मी सोबत जाते. आत सोडत नाहीत, मी दारात उभी राहते. वॉचमन हाकलतो. सिस्टर म्हणतात, आली ती भांडखोर. म्हणू देत. दारातूनच ओरडते, "शेवटच्या खाटेवरचीला बघितलं का? पोटाला हात लावला का?" लावल्याशिवाय मी तिथून हलत नाही. हलणार नाही.