बहिऱ्या नोरामावशीचे आवडते बँड

इंग्लंडातल्या आमच्या बोल्टन या गिरणगावात पंक संगीतातलं सगळ्यात जास्त कळणारी बाई जवळजवळ ठार बहिरी होती. नोरा हॅसलम तिचं नाव. गल्लीतली लहानथोर सगळी तिला नोरामावशी म्हणायची, पण तिला बोलवायचं झालं तर खांद्यावर थाप मारावी लागायची. नुसत्या हाकेचा उपयोग नव्हता.

हल्ली मासिकांत अधूनमधून यादी येते, सुरुवातीच्या पंकचे सर्वोत्तम अल्बम म्हणून. आमचे यजमान सकाळी अंडं-टोस्ट खाताखाता ती मोठ्यानं वाचतात आणि माझ्याशी हुज्जत घालतात. त्यांना म्हणावं, त्या काळात तुम्ही कुठं होता? खांद्यापर्यंत केस वाढवून, डोळे मिटून, संपता संपेना असं एकच गाणं ऐकत पडला होता. मी नोरामावशीच्या लॉन्ड्रीत होते. खरी यादी तिथं लागत होती.

मावशी शाळा सुटल्या सुटल्या कापडगिरणीत लागली आणि गिरणी बंद होईपर्यंत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, राहिली. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असले की शेजारचीनं कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून साचेवाल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठेमोठे हलवून बोलायच्या. आमच्याकडं त्याला मीमॉ म्हणतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायची आणि मधल्या मुकादमाला पत्ता लागत नसे. माझी आईही साचेवालीच. ती आणि मावशी आमच्या बाबांच्या देखत बाबांचीच निंदा करत बसायच्या. बाबा कोळशाच्या गाडीवर होते, त्यांना मीमॉ येत नव्हतं. ते आपले निवांत बटाट्याची पेस्ट्री खात म्हणायचे, "आज घरात कशी शांतता आहे!"

मागांनी बायकांना पगार दिला आणि कान घेतले. मावशीचा नवरा हॅरॉल्ड गेला, मग गिरणी गेली, आणि ती पुलाजवळच्या लॉन्ड्रीत मशिनं सांभाळायला लागली. सुट्टे पैसे द्यायचे, साबण विकायचा, आणि कुणी लाल मोजा पांढऱ्या चादरीत टाकला तर त्याला फैलावर घ्यायचं.

तिथं एका शनिवारी क्लिफ आला. क्लिफ क्रॉम्प्टन, आमच्या बँडचा गायक, पण तेव्हा बँड नव्हता, नुसता क्लिफ होता. काडीपैलवान, शर्टाला सेफ्टी पिना लावलेला. त्याच्या बापानं आवाजाला वैतागून त्याला त्या दुपारपुरतं रेकॉर्ड प्लेअरसकट घराबाहेर काढलं होतं. त्यानं प्लेअर एका बंद मशीनवर ठेवला, प्लग लावला आणि रमोन्सची पहिली तबकडी फुल आवाजात सोडली. मी मैत्रिणीच्या चादरी पिळत होते. दोन म्हाताऱ्या तशाच उठून बाहेर गेल्या.

मावशी आली ती फडकं घेऊन. मला वाटलं, आता क्लिफच्या पाठीत बसणार. पण पुसता पुसता तिचा हात मशीनच्या झाकणावर पडला आणि तिथंच राहिला.

"हे काय रे?" ती म्हणाली. बहिऱ्या माणसांसारखीच, जरा मोठ्यानं.

"रमोन्स, मावशी!"

"कुठल्या गिरणीतले?"

"न्यूयॉर्कचे आहेत ते!"

"असू देत. पुन्हा लाव."

लग्नाच्या वर्षी डान्सहॉलमध्ये ऐकलं ते तिनं ऐकलेलं शेवटचं संगीत. त्यानंतर ब्रास बँड म्हणजे गाल फुगवणारे पुरुष, आणि चॅपलमधली, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमधली, भजनं म्हणजे उघडमीट करणारी तोंडं. आता हे काहीतरी तिच्या तळहातातून कोपरापर्यंत चढलं होतं, आणि थोडंसं, लांबून का होईना, कानातही शिरलं होतं. मावशी उभ्याउभ्या रडत होती आणि हसतही होती. तिला इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग दर शनिवारी प्लेअर यायला लागला. मावशीची परीक्षा सोपी होती. मशीनमध्ये कपडे टाकायचे, तबकडी लावायची, आणि कपडे पिळून निघेपर्यंत तबकडी संपली पाहिजे. रमोन्स या परीक्षेत पहिले आले. "कामाची माणसं आहेत," ती म्हणायची, "साबण लावतात, खळबळतात, पिळतात, घरी जातात." द क्लॅशची पहिली तबकडी जरा पुढं जायची, पण त्यांना ती माफ होती, कारण त्यांचे ड्रम तिला मागासारखे वाटायचे. बझकॉक्स म्हणजे घरचीच पोरं, त्यांना आमच्या बाजूचे म्हणून दोन मार्क जास्त. डॅम्ड तिला घाईचे वाटायचे: "बस सुटतेय का ह्यांची?" एक्स-रे स्पेक्सचा सॅक्सोफोन दातांत ऐकू येतो म्हणायची आणि कवळी काढून खिशात ठेवायची. सेक्स पिस्टल्सचं नाव मात्र तिनं चॅपलची बाई म्हणून कधी उच्चारलं नाही. "ते पिस्तुलवाले लाव रे," एवढंच. आणि आमच्या यजमानांच्या आवडत्या बँडची एक बाजू मी तिला एकदा ऐकवली, तर त्यात दोन धुणी झाली, वाळवण झालं, इस्त्री झाली, आणि गाणं अजून सुरूच. मावशी म्हणाली, "आजारी आहे का गं कुणी?"

पुढं आमचा बँड निघाला. क्लिफ गायला, माझा भाऊ गिटारवर, आणि ड्रमवर मी. नाव ठेवलं लिंट, म्हणजे वाळवणीच्या मशीनच्या जाळीत साठतो तो कापसाचा भुगा. दारूच्या गुत्त्यांचे मालक आम्हाला दारात उभं करत नव्हते. मग मावशीनंच चॅपलच्या रविवारच्या शाळेचा हॉल मिळवून दिला, दर गुरुवारी संध्याकाळी. ती पुढं बसायची, एक हात स्टेजच्या लाकडावर, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास.

तेव्हाची रीत अशी होती की बँड आवडला की पोरं त्याच्यावर थुंकायची. होय, आवडला की. पहिल्या गुरुवारी एकानं क्लिफवर प्रेमानं नेम धरला, तर मावशीनं त्याचा कान पकडला.

"घरी तुझी आई चांगली भाजी करते तेव्हा ताटात थुंकतोस का रे?"

"मावशी, आवडलं म्हणून..."

"आवडलं तर पाय आपट! फळ्या आहेत खाली!"

दोनेकशे बुटं एकदम फळ्यांवर आपटली की ते मावशीला खुर्चीतून कळायचं. त्यामुळं सगळ्या लँकेशायरमध्ये न थुंकणारा पंकवाला प्रेक्षक फक्त आमचाच असणार, असं मी अजून छातीठोक सांगते.

पण त्या वर्षी मावशीचा उरलासुरला कानही जायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, यंत्र लावूनही आता फार दिवस ऐकू येणार नाही. प्लेअरचं आता तिला झाकणावर हात ठेवूनही धड कळत नव्हतं. कळायचं ते फक्त गुरुवारी, स्टेजला हात लावून. "एवढं आहे तोवर आहे गं, बर्नी," ती मला म्हणाली, "मग आहेच चिडीचूप." तेवढ्यात चॅपलच्या हॉल समितीकडं तक्रार गेली की ही पोरं अर्वाच्य गाणी गातात.

तक्रार डकवर्थची. हा नळाच्या तोट्या विकायचा आणि समितीचा चिटणीस होता. त्याचं म्हणणं, "मला एक शब्द कळत नाही, त्या अर्थी घाणच असणार." खरं सांगायचं तर शब्द आम्हालाही कळत नव्हते. क्लिफ शब्द खाऊन टाकायचा आणि नुसता फुरफुरायचा. विचारलं तर म्हणायचा, "शब्दबिब्द काही नाही, आवाज आहे तो." मी मागं बसायची, मला त्याची पाठ दिसायची.

मावशीला मात्र पुढून ओठ दिसत होते. तिला पहिल्या गुरुवारीच सगळं कळलं होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी. आता क्लिफ आजोबा झालाय आणि त्यानंच लिही म्हणून सांगितलंय, म्हणून लिहिते. क्लिफची आई एल्सी दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. मावशीच्या शेजारच्या मागावर काम करायची, तितकीच बहिरी. क्लिफ दर गुरुवारी तिच्याशी बोलत होता. आई, शेगडी धड पेटत नाही. बाबा कुणाशी बोलत नाही. तुझा कोट अजून दारामागं टांगलाय. आणि मधेमधे, दोन शिव्या घालून, ऐकतेस का, ऐकतेस का, ऐकतेस का.

पंकवाला पोरगा आईसाठी गातो, हे बाहेर पडलं असतं तर क्लिफनं बोल्टन सोडलं असतं. एकोणिसाव्या वर्षी तेवढी लाज पुरते.

समिती एका शनिवारी दुपारी गाणी ऐकायला आली. पाच माणसं भिंतीला लागून बसली. अध्यक्ष ओपनशॉबाई. गिरणीच्या मॅनेजरची विधवा, डोक्याला घट्ट टोपी, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची सवय. आम्हा पोरांना वाटायचं, दात घासलेत का ते तपासते. तिच्यासमोर भले भले चळचळ कापायचे.

डकवर्थ उभा राहिला. "मिसेस हॅसलमना ओठ वाचता येतात. त्या कधी खोटं बोलल्याचं या चॅपलमध्ये कुणाला आठवत नाही. पोरगा गाईल, त्या बघतील आणि आपल्याला शब्दन् शब्द सांगतील. स्वच्छ असेल तर हॉल यांचा. नाहीतर आजच कुलूप."

ऐकून मी खूश झाले. मावशी आपली, मग काळजी कसली? क्लिफ मात्र पिठासारखा पांढरा पडला. शब्द बदलायचे ना मूर्खा, असं आज मी म्हणते. पण ते गाणं त्याला दुसऱ्या शब्दांत येत नव्हतं. तो गायला, नेहमीपेक्षा वाईट, आणि मी नेहमीपेक्षा वेगानं वाजवलं, कारण घाबरले की माझे हात पळतात. मधेच मावशीनं स्टेजवरचा हात न उचलता त्याच्याकडं बघून ओठ हलवले. माझ्या जागेवरून मला स्वच्छ दिसले.

"सांगू?"

गाता गाता क्लिफनं मान हलवली. नको. त्याचे कान मागून लालभडक दिसत होते. मावशीनं एकदा मान डोलावली, आणि उरलेलं गाणं डोळे मिटून, दोन्ही हात लाकडावर ठेवून ऐकलं. ते शेवटचं म्हणून ती ऐकत होती, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

"हां, बोला," डकवर्थ म्हणाला. "काय म्हणतो तो?"

"कळलं सगळं," मावशी म्हणाली. "सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे? स्वच्छ आहे की घाण?"

"त्याचं त्याच्यापाशी. मी चहाडी करायला बसले नाही."

"म्हणजे घाण!"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा." आणि तिनं थर्मासचं झाकण लावलं, कोट चढवला.

मला इतका संताप आला की मी काठ्या खाली फेकल्या. एवढं एक 'स्वच्छ आहे' म्हणायला काय जात होतं हिचं? पण तेवढं म्हटलं असतं तर डकवर्थ शब्दन् शब्द मागणार होता, आणि खोटे शब्द जुळवणं मावशीला येत नव्हतं. डकवर्थनं खिशातून कुलूप काढलं. बरोबर घेऊनच आला होता मेला.

"ठेवा ते," ओपनशॉबाई म्हणाली.

सगळी समिती तिच्याकडं वळली.

"मला कळलं काय म्हणतो ते. आक्षेप घेण्यासारखं काही नाही. दोन शब्द सोडले तर, आणि ते दोन मी साचाखात्यात रोज वापरायची."

डकवर्थचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? साचाखात्यात?"

"लग्नाआधी अकरा वर्षं. चार माग. ही टोपी कशाला घालते असं वाटतं तुम्हाला? खाली कानाचं यंत्र आहे."

"मग... मग तो म्हणतो तरी काय?"

"त्याचं त्याच्यापाशी," ओपनशॉबाई म्हणाली. "गुरुवार, सहा ते नऊ. जाताना फरशी पुसून जायची. चला, उठा."

मावशी दाराशी पोचली होती. तिची पाठ होती, तिला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी धावत जाऊन तिच्या खांद्यावर थाप मारली आणि तिला वळवलं. हॉलच्या त्या टोकाला ओपनशॉबाई टोपी सारखी करत उभी होती. तिनं मावशीकडं बघितलं, आणि एवढी वर्षं मॅनेजरीणबाई म्हणून घट्ट मिटून ठेवलेले ओठ मोठेमोठे हलवले, अस्सल साचेवालीसारखे.

"गुरुवार तुमचा. आणि नोरा, एवढ्या आवाजात एल्सीलाही ऐकू आलं असतं गं."

मावशी तिथंच, दारातल्या बाकावर बसली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

एल्सीचं नाव इथं कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पण क्लिफ साचेवालीचाच पोरगा, त्यानं ते वाचलं होतं. तो वळला, हॉलकडं पाठ करून माझ्या ड्रमपाशी आला, माझ्या काठ्या खालून उचलून माझ्या हातात दिल्या आणि नाक ओढत म्हणाला,

"बर्नी, पुन्हा घेऊ. आणि आणखी जोरात वाजव."