सुसरीनं मला खाल्लं तो रविवार

गेल्या उन्हाळ्यात मला सुसरीनं खाल्लं. निम्म्या सांगलीला ही बातमी आठ वाजता कळली. मला स्वतःला ती जरा उशिरा, नऊच्या सुमारास समजली!

आम्ही तिघं मित्र. गाद्या भरणारा यासीन, सायकलींचं दुकान चालवणारा दत्तू आणि कचेरीत फायली भरून निवृत्त झालेला मी, सदाशिव सातपुते. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी घाटावरून कृष्णेत उतरायचं, पोहत पलीकडचा काठ गाठायचा, तिथं चिखलात बसून थापा मारायच्या आणि पोहतच परत यायचं. तीन वर्षांपूर्वी यासीन गेला, मग दत्तू. त्यानंतर मी नदीकडं पाठ करूनच फिरायला जाऊ लागलो. पण दत्तूच्या वर्षश्राद्धाला त्याच्या फोटोपुढं उभा राहिलो आणि वाटलं, गडी विचारतोय, "काय रं सद्या, भ्यालास व्हय?"

(मी बहात्तर वर्षांचा आहे. या वयात माणसानं फोटोंचं ऐकू नये.)

दुसऱ्याच रविवारी बायकोला म्हटलं, "सुशीला, जरा पाय मोकळे करून येतो."

"लवकर या. पोहे करतेय."

पोहे! मला तो शुभशकुनच वाटला.

घाटावर कपड्यांची घडी घातली. वर चष्मा आणि मोबाइल ठेवला. शेजारीच 'सुसरींपासून सावध' अशी पाटी होती. पण चष्मा काढल्यावर ती वाचता येत नाही, हा एक फायदा! पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर मी पाण्यात शिरलो.

निम्म्यापर्यंत झोकात गेलो. मग उजव्या पोटरीत गोळा आला. हात जड झाले. मागं वळून बघितलं तर घाट लांब, पुढं बघितलं तर काठ त्याहून लांब. आणि डावीकडं काहीतरी लांबलचक, काळं, खरबरीत तरंगत होतं. ओंडका असेल, मी मनाला सांगितलं. पण मग हा ओंडका माझ्याकडंच का येतोय?

ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी पाणीच आत गेलं. नाका-तोंडात कृष्णामाई! आता संपलो, असं अगदी स्पष्ट वाटलं. आणि सुशीलाला खोटं बोलून आलोय, हेही.

त्या क्षणी यासीनचं बोलणं आठवलं. "दमलास की उताणा हो. हाता-पायाला म्हणायचं, झोपा. नाकाला म्हणायचं, तू जागं ऱ्हा." मी उताणा झालो, डोळे मिटले आणि सुसरीची वाट बघत पडून राहिलो. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं; ते मला घेऊन निघालं. बऱ्याच वेळानं पाठ चिखलाला लागली. डोळे उघडले तर तो ओंडका शेजारून चालला होता. खरोखरचा ओंडका! त्यावर एक कावळा बसून माझ्याकडं आशेनं बघत होता. (कावळ्यांनासुद्धा घाई असते.)

चिखलात बसलो. सवयीनं दोन्हीकडं मान वळवली. कुणी नव्हतं. तिघांच्या धापा ऐकायची सवय असलेल्या कानांना एकट्याची धाप फार मोठी वाटली. मी खूप रडलो. चड्डीवर.

गुरांसाठी कडवळ कापणारा एक शेतकरी धावत आला. "आवं आजोबा, ह्या वयात असं उघडं फिरत्यात व्हय?" त्यानं टॉवेल दिला आणि मोटारसायकलवर मागं बसवलं. पुलावर ही गर्दी! सगळे कठड्यावरून खाली वाकलेले.

मी एकाला विचारलं, "काय झालं हो?"

"म्हातारं गेलं सुसरीच्या तोंडात. सातपुते म्हणं कुणी. नुसती कापडं घावली."

"अरेरे!" मी म्हणालो. आणि मग ते आडनाव माझंच आहे, हे ध्यानात आलं.

घाटावर माझा मुलगा बचाव पथकाच्या होडीतल्या माणसांना हातवारे करून पाणी दाखवत होता. सुशीला पायरीवर बसली होती, रडत नव्हती. माझा चष्मा मुठीत घट्ट धरून नुसती पाण्याकडं बघत होती. यासीनची बायको, आमच्या भाभी, तिच्या खांद्यावर हात ठेवून होत्या.

"सुशीला," मी मागून म्हणालो.

तिनं वळून बघितलं. मग उठून चष्मा माझ्या नाकावर चढवला.

"नीट बघा," ती म्हणाली. "माझं काय झालंय ते नीट बघा."

मला बघवेना. मी पुटपुटलो, "दत्तू-यासीनची आठवण आली गं. म्हटलं, एकदा आपलं आपण पार करून बघावं. चाळीस वर्षांचा सराव..."

"कसला सराव भावजी?" भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "आमचे हे दर रविवारी निघताना म्हणायचे, लवकर जायला पाहिजे, सद्याला दोन्ही बाजूंनी दोघं लागतात. एकट्या दत्तूच्यानं तो आवरत नाही."

होडीतली माणसंसुद्धा माझ्याकडं बघू लागली.

चाळीस वर्षं मी कृष्णा पार करत होतो, असा माझा समज होता. मला पार केलं जात होतं!