मान वळवून घेतलेला श्वास

माझी पुतणी सुमन पोहण्यात राज्यात पहिली आलेली. आता टीव्हीवर पोहण्याच्या शर्यतींचं वर्णन करते. दर वाक्याआधी मान उजवीकडे वळवून तोंडाने श्वास घेते. पाठीला डबा बांधून विहिरीत मीच तिला तसं शिकवलं होतं. अंगाला लागलेलं वळण काम बदललं म्हणून जात नाही.

काल म्हणाली, "काकू, साहेब म्हणतात, मान हलवणं थांबवा, नाहीतर दुसरी बघतो."

"मग थांबव. खुर्चीत बसून कोण बुडतं?"

"धाप लागते गं."

"लागू दे. नोकरी हवी ना?"

आज टीव्ही लावला. मान अगदी सरळ होती, बोललीही छान. मी मात्र ही श्वास कधी घेते तेच बघत बसले. शर्यत कोणी जिंकली ते कळलंच नाही.