सुईआत्या

पोर तापलं की खूश होणारी बाई मी एकच पाहिली, तळेघरला दिलेली माझी आत्या. ती अंगणवाडीत मदतनीस होती. लस टोचायच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून पोरं गोळा करून आणायची, म्हणून अख्खं गाव तिला सुईआत्या म्हणे. टोचलेलं पोर फणफणलं की आया घाबरून हिच्या दारात. ही पोराला मांडीवर घेऊन म्हणायची, "ताप आला म्हंजी सुई लागली. घोर नको लावून घिऊ." आणि आयांना ते पटायचं.

हट्टी मात्र अशी की तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. छातीतली गाठ तिने पदराआड किती महिने वागवली, ते तिलाच ठाऊक. शेवटी मीच तिला पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं : अंगातल्या राखणदारांना या गाठीनं झोपवलंय, नवं इंजेक्शन त्यांना जागं करील. पण जागे झालेले राखणदार कधी आपल्याच घरावर धावून जातात, आतून सूज येते. ताप, खोकला, दम, काहीही वाटलं तरी लगेच कळवायचं. आत्याने मान डोलावली आणि त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

इंजेक्शनं सुरू झाली, गाठ लहान झाली. मग ताप येऊ लागला, तर बाई खूश. पुढे कोरडा खोकला लागला, चढणीला धाप लागू लागली; फोनवर मात्र "लई बरी हाय." सुई बंद होईल या धास्तीने तिने अवाक्षर काढलं नाही. पुढच्या खेपेला तपासलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं सुजलेली निघाली. इंजेक्शन थांबलं, सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. आत्याने डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "दम लागू द्या बाई, पर सुई द्या." त्यांना ते शक्य नव्हतं.

गोळ्यांनी खोकला गेला, तापही गेला. दुसरी कोणी असती तर सुटकेचा निःश्वास टाकला असता. ही हिरमुसली. ओट्यावर बसून मला म्हणाली, "अंग कसं गप पडलंय गं. आत कुनी भांडंनाच." काही महिन्यांनी दुखणं पुन्हा उसळलं.

मला ती फार हवी होती. अजून हवी आहे. नाचणी काढायच्या दिवसांत एका दुपारी तिने अंथरुणातून माझा हात ओढला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"बघ गं, कढत लागतंय का?"

कपाळ गार होतं.

"लागतंय, आत्या," मी म्हणाले. ती हसली. मी हात काढला नाही.